करार कारखान्यापर्यंत पोचला, मेकॅनिकपर्यंत नाही

दरवर्षी १६ सप्टेंबरला शाळाशाळांतून ओझोन दिन साजरा होतो. त्या दिवशी भिंतीवर लागलेली मुलांची चित्रं पाहिली तर बहुतेकांत एक हिरवंगार झाड असतं, एखादी सायकल असते आणि खाली 'झाडे लावा, ओझोन वाचवा' ही घोषणा असते. झाडं लावायलाच हवीत. पण ओझोनचा थर झाडांनी वाचवलेला नाही. काही ठरावीक रसायनांचं उत्पादन जगभर बंद पाडलं म्हणून तो वाचला, आणि ते बंद पाडायला कायदा, पैसा आणि व्यापारबंदी असं सगळं लागलं. पर्यावरणाच्या बाबतीत साऱ्या जगाने मिळून जवळपास तडीला नेलेलं हे एकच मोठं काम आहे. ते नेमकं कसं झालं हे मुलांपर्यंत पोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि 'जवळपास' का म्हणायचं, हे मोठ्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्याचं कारण असं. ओझोन वाचवण्यासाठी १९८७ मध्ये झालेल्या मॉन्ट्रियल कराराने या रसायनांच्या उत्पादनावर आणि वापरावर बंधनं घातली. करारातला 'वापर' म्हणजे उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात. हवेत किती गॅस सुटला, याला त्या हिशोबात जागाच नाही. म्हणजे जो गॅस आधीच तयार होऊन फ्रीजमध्ये, एसीमध्ये, शीतगृहात भरला गेला, त्याचं पुढे काय करायचं ते ज्या त्या देशावर सोडलेलं आहे. भारताने कारखान्यांच्या बाबतीत दिलेला शब्द पाळला, किंबहुना मुदतीआधी पाळला. यंत्रांत भरलेल्या गॅसकडे मात्र आपण फारसं पाहिलेलं नाही. हा गॅस काढून घेणं सक्तीचं व्हावं, आणि जो तो काढतो त्याला त्याचे पैसे मिळावेत, एवढंच मला या लेखात मांडायचं आहे. पण त्यासाठी आधीचा इतिहास थोडा पाहावा लागेल, कारण काय चाललं आणि काय चाललं नाही याचे धडे त्यातच आहेत.

शंभर वर्षांपूर्वी फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड वापरत. गळती झाली तर घरातली माणसं मरत. १९२८ मध्ये थॉमस मिजली या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सीएफसी-१२ हे क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातलं रसायन (कराराने पुढे ज्यांवर बंधनं घातली त्यांपैकी एक) तयार केलं. ते जळत नव्हतं, विषारी नव्हतं, कशाशी सहजी अभिक्रिया करत नव्हतं. १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलीने तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. घरगुती वापरासाठी ते खरोखरच सुरक्षित होतं. पुढची चाळीस वर्षं ते फ्रीजमध्ये, एसीत, केसांवर मारायच्या स्प्रेत, फोमच्या गाद्यांत, दम्याच्या पंपात सगळीकडे गेलं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं कारणही नव्हतं.

पण जे कशाशीच अभिक्रिया करत नाही ते नष्टही होत नाही. सीएफसी-१२ चा रेणू हवेत सुमारे शंभर वर्षं टिकतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी १९७१-७२ मध्ये इंग्लंडहून अंटार्क्टिकाकडे जाणाऱ्या जहाजावर स्वतः बनवलेलं उपकरण नेलं आणि अटलांटिकवरच्या हवेत, कारखान्यांपासून हजारो किलोमीटर दूर, त्याच वर्गातलं सीएफसी-११ मोजून दाखवलं. मग ते जातं कुठे, हा प्रश्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शेरवूड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी हातात घेतला. १९७४ मध्ये त्यांनी उत्तर दिलं: हे रेणू हळूहळू वर चढतात, स्थितांबरात अतिनील किरणांनी फुटतात आणि क्लोरीनचा अणू मोकळा होतो. तो ओझोनच्या रेणूतला ऑक्सिजनचा एक अणू ओढून घेतो, पुढच्या अभिक्रियेत तो सोडून देतो आणि पुन्हा मोकळा होतो. असं करत क्लोरीनचा एक अणू ओझोनचे लाखभर रेणू संपवू शकतो. ज्या थराबद्दल आपण बोलतो आहोत तो सगळा जमिनीलगतच्या दाबाला आणला तर जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा भरेल. त्याच्यासमोर 'लाखभर' या आकड्याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको.

उद्योगांनी तेव्हा पुरावा मागितला. तो अकरा वर्षांनी, कुणाच्याच मनात नव्हता अशा जागी मिळाला. अंटार्क्टिकावरच्या ब्रिटिशांच्या हॅली तळावर १९५० च्या दशकापासून ओझोन मोजला जात होता. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांना दिसलं की दर ऑक्टोबरमध्ये तिथला ओझोन वर्षागणिक घटतो आहे, आणि ही घट थोडीथोडकी नाही. मे १९८५ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. नासाचा उपग्रह त्याच आकाशावरून फिरत होता, पण इतके कमी आकडे शंकास्पद म्हणून बाजूला निघत होते. पुढे अमेरिकी शास्त्रज्ञ सुझन सॉलोमन यांच्या मोहिमांनी कारण पक्कं केलं: ध्रुवीय रात्रीच्या कडाक्यात तयार होणाऱ्या बर्फाळ ढगांच्या कणांवर क्लोरीनची निरुपद्रवी संयुगं सक्रिय रूपात येतात आणि वसंतातला पहिला सूर्यप्रकाश पडला की ओझोन खायला सुरुवात करतात.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. ॲना मणी यांनी पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात काम करताना १९६० च्या दशकात फुग्याला बांधून वर सोडायचं भारतीय ओझोनमापक उपकरण, ओझोनसोंड, तयार करवलं. पुढे अंटार्क्टिकातल्या भारतीय तळावरूनही अशी उपकरणं आकाशात गेली. वरचा ओझोन मोजण्यात आपण कधीच मागे नव्हतो. खाली जमिनीवर किती गॅस सुटतो, याचं मोजमाप मात्र आपल्याकडे कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही.

१६ सप्टेंबर १९८७ ला मॉन्ट्रियलला करार झाला. तो सहजासहजी झाला असा आता समज आहे, पण त्याच वर्षी अमेरिकेच्या मंत्रिमंडळातले अंतर्गत कारभार मंत्री डोनाल्ड होडेल यांनी करारापेक्षा लोकांनी टोप्या आणि गॉगल वापरावेत असं सुचवल्याच्या बातम्या छापून आल्या होत्या. तरीही करार झाला आणि टिकला. का टिकला? लोकांच्या मनात निसर्गप्रेम जागं झालं म्हणून, असं मला वाटत नाही. सदस्य नसलेल्या देशांशी या रसायनांचा व्यापार करायला सदस्य देशांना बंदी होती, त्यामुळे बाहेर राहणं परवडेना. दर काही वर्षांनी शास्त्रज्ञांनी अहवाल द्यायचा आणि त्यानुसार मुदती कडक करायच्या, अशी सोय करारातच होती. सुरुवातीला फक्त निम्म्याने कपात ठरली होती, ती १९९० मध्ये लंडनला पूर्ण बंदीवर आली. आणि ड्यूपॉन्टसारख्या सर्वांत मोठ्या उत्पादकांना नव्या पर्यायी गॅसांत धंदा दिसला. या तिसऱ्या कारणाबद्दल आपल्याकडे लोक नाराजीने बोलतात. मला ती नाराजी समजते, पण कारखानदाराला पुढची वाट दिसली की तो अडून बसत नाही, हे व्यवहाराचं सत्य आहे आणि कायदा करणाऱ्याने ते विसरू नये.

विकसनशील देशांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते रास्त होतं. जगातल्या सीएफसीचा फार मोठा वाटा श्रीमंत देशांनी वापरला होता. आपल्याकडे तेव्हा फ्रीज ही मध्यमवर्गातही मिरवायची वस्तू होती. लंडनच्या बैठकीत तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी यांनी भारताची बाजू ठामपणे मांडली: तंत्रज्ञान द्या, खर्च द्या, मग आम्ही सही करू. चीनचीही भूमिका तीच होती. त्यातूनच बहुपक्षीय निधी उभा राहिला. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर ठरले, आणि भारत आणि चीन आले तर आणखी ८ कोटी, असं चक्क आकड्यांत लिहिलं गेलं. भारताने १९९२ मध्ये सही केली. २००० साली ओझोन घटवणाऱ्या द्रव्यांचे नियम आले. आपल्याकडे सीएफसी बनवणाऱ्या चार कंपन्या होत्या; त्यांना टप्प्याटप्प्याने नुकसानभरपाई मिळाली आणि १ ऑगस्ट २००८ ला, ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी, दम्याच्या पंपापुरता अपवाद सोडून भारतातलं सीएफसीचं उत्पादन थांबलं. आज या निधीतून जगभर ४ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम दिली गेली आहे. पर्यावरणाच्या करारात गरीब देशाने आधी खर्चाचा प्रश्न सोडवून घेतला म्हणून करार बिघडला नाही, उलट पक्का झाला. हा मुद्दा मी मुद्दाम अधोरेखित करतो, कारण मेकॅनिकच्या बाबतीत मला तेच म्हणायचं आहे.

करार मोडायचा प्रयत्नही झाला. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांना दिसलं की हवेतलं सीएफसी-११ ज्या वेगाने कमी व्हायला हवं तसं होत नाही, म्हणजे कुठेतरी ते नव्याने बनतं आहे. कोरिया आणि जपानमधल्या केंद्रांच्या मोजमापांवरून बोट पूर्व चीनमधल्या शांडोंग आणि हबेई प्रांतांकडे गेलं. तिथे फोम बनवणारे कारखाने ते चोरून वापरत होते. चीनने कारवाई केली आणि काही वर्षांत हवेतले आकडे पुन्हा खाली आले. मोजणारी केंद्रं होती म्हणून हे पकडलं गेलं. २०२३ च्या सुरुवातीला जाहीर झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार, आहे ते धोरण चालू राहिलं तर अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास आणि बहुतेक जगावरचा २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल.

मग विषय संपला की, असं कुणी म्हणेल. त्यातच, भारतावरच्या आकाशात ध्रुवांसारखी घट कधी झालीच नाही; उष्णकटिबंधात ती नगण्यच राहिली. मग आपण आता कशाला चिंता करायची?

कारण हे गॅस नुसता ओझोन खात नाहीत, पृथ्वी तापवतात. सीएफसी-१२ चा एक किलो शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार किलोंहून जास्त उष्णता अडवतो. त्याच्या जागी आलेला आर-२२ हा एसीतला गॅस ओझोनला सीएफसी-११ च्या साधारण विसाव्या भागाइतकीच इजा करतो, पण उष्णतेच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या अठराशे पट आहे. त्यानंतर आलेला आर-४१०ए ओझोनला अजिबात हात लावत नाही, आणि उष्णतेत दोन हजार पट आहे. म्हणूनच २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात करारात दुरुस्ती होऊन आर-४१०एसारख्या नव्या गॅसांवरही मर्यादा आली. उन्हाने आधीच होरपळणाऱ्या विदर्भ-मराठवाड्याला या हिशोबाशी काही देणंघेणं नाही, असं कोण म्हणेल?

आता जमिनीवर काय चालतं ते पाहू. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या इमारतीत एका जुन्या एसीचा कॉम्प्रेसर गेला. मेकॅनिक मुलगा खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडशेजारी, एक पाय छज्जावर ठेवून उभा होता. त्याने पान्याने तांब्याच्या नळीचा नट सैल केला. फुस्स असा आवाज झाला, नटाभोवती पांढरा दव जमला, तेलाचा बारीक तुषार भिंतीवर उडाला आणि दोनेक मिनिटांत सगळं शांत झालं. मी खालून विचारलं, की हा गॅस असा सोडून का दिला? तो म्हणाला, "काका, ठेवून करू काय? घ्यायला कोणी नाही." त्याच्या बोलण्यात बेफिकिरी नव्हती. तो खरंच सांगत होता.

दीड टनाच्या जुन्या स्प्लिट एसीत साधारण किलोभर आर-२२ असतो. तो हवेत गेला की सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. एवढा धूर काढायला लिटरला ४५ किलोमीटर चालणारी स्कूटर ३५ हजार किलोमीटर चालवावी लागेल. घरातला एक माणूस चार-पाच वर्षं रोज ऑफिसला बसने जाऊन जे वाचवतो, ते त्या छज्जावर दोन मिनिटांत गेलं.

एसी एका घरातून दुसरीकडे हलवायचा असेल तर चांगला मेकॅनिक गॅस वाया जाऊ देत नाही. मशीन चालू ठेवून तो ॲलन कीने आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करतो, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होऊ देतो, मग जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ग्राहकाचे गॅसचे पैसे वाचतात म्हणून ते होतं. पण कॉम्प्रेसर बंद पडला असेल तर हे जमत नाही. तिथे गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं रिकव्हरी मशीन लागतं. गल्लीतल्या मेकॅनिकला ते विकत घेणं परवडत नाही, आणि काढलेला गॅस विकायला जागा नाही. मग भंगारवाला. त्याला तांबं हवं असतं. तो कटरने नळी कापतो आणि उरलासुरला गॅस तिथेच जातो. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत फ्रीज आणि एसी येतात, उत्पादकांवर जबाबदारीही टाकली आहे. पण तिथल्या प्रमाणपत्रांचा हिशोब सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्याभोवती फिरतो. हवेत गॅस सोडला म्हणून कुणाला दंड झाल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

अशा वेळी नुसता दंडाचा कायदा करा, असं मी म्हणणार नाही. दंड बसला तर तो त्या छज्जावरच्या मुलाला बसेल, ज्याच्याकडे ना मशीन आहे ना गॅस देण्याचं ठिकाण. १९९० मध्ये आपण श्रीमंत देशांना जे सांगितलं तेच इथे लागू आहे: आधी साधन आणि खर्चाची सोय, मग सक्ती. इतर देशांनी हे केलेलं आहे. अमेरिकेत १९९२ पासून असा गॅस जाणूनबुजून हवेत सोडणं गुन्हा आहे आणि तंत्रज्ञाला प्रमाणपत्र लागतं. जपानमध्ये २००१ पासून घरचा एसी टाकून देताना मालक ठरावीक शुल्क भरतो आणि गॅस काढून घेणं बंधनकारक आहे. मला सर्वांत पटते ती ऑस्ट्रेलियाची पद्धत. तिथे १९९३ पासून आयात होणाऱ्या प्रत्येक किलो गॅसवर उद्योगाकडून थोडी रक्कम गोळा होते आणि त्यातून वापरलेला गॅस परत विकत घेतला जातो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे: गॅस परत करण्याचे पैसे मिळायला लागले की लोक पैशासाठीच गॅस बनवतील. हे घडलेलंही आहे. आर-२२ बनवताना एचएफसी-२३ नावाचा उपपदार्थ निघतो, जो आर-२२ पेक्षाही कितीतरी जास्त तापवणारा आहे. हवामानबदल रोखण्यासाठीच्या क्योटो कराराखाली तो जाळून नष्ट केला की कारखान्याला कार्बन क्रेडिट (उत्सर्जन कमी केल्याची, विकता येणारी प्रमाणपत्रं) मिळत, आणि त्यांची किंमत जाळण्याच्या खर्चापेक्षा इतकी जास्त होती की उपपदार्थासाठी मुख्य पदार्थ जास्त बनवायचा मोह तयार झाला. चीनमध्येही आणि भारतातही या क्रेडिटांवर मोठी कमाई झाली. शेवटी युरोपीय संघाने २०१३ पासून ती नाकारली, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये भारत सरकारने आपल्या उत्पादकांना हा वायू स्वखर्चाने नष्ट करायला सांगितलं. धडा स्पष्ट आहे: परताव्याची रक्कम नव्या गॅसच्या किमतीपेक्षा नेहमी कमीच हवी, आणि ती त्याच गॅसच्या विक्रीतून वसूल केलेली हवी. मग परत करण्यासाठी म्हणून गॅस विकत घेण्यात कुणालाच फायदा उरत नाही.

हे आत्ताच करण्याचं कारणही आहे. २०२५ पासून आपल्याकडे नवीन यंत्रं बनवताना आर-२२ वर्गातले गॅस वापरायला बंदी आली आहे आणि या वर्गाचा पुरवठा २०३० पर्यंत जवळपास संपायचा आहे. म्हणजे २००० आणि २०१० च्या दशकांत बसवलेले आर-२२ चे एसी नेमके या चार-पाच वर्षांत भंगारात येतील. किगाली दुरुस्तीखाली भारताची मूळ पातळी २०२४ ते २०२६ या तीन वर्षांच्या आकड्यांवर ठरते आहे, २०२८ पासून वापर गोठवायचा आहे आणि २०३२ पासून तो उतरवायचा आहे. युरोपात अशी कपात सुरू झाल्यावर २०१७-१८ मध्ये गॅसच्या किमती काही पटींनी वाढल्या आणि चोरटी आयात फोफावली. आपल्याकडे तशी वेळ आली तर शुद्ध करून पुन्हा वापरलेला गॅस हाच गरीब ग्राहकाला परवडणारा गॅस असेल.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट लिहिलेलं होतं. चांगलं आहे. पण प्रमाणपत्र घेऊन तो मुलगा पुन्हा त्याच छज्जावर उभा राहणार असेल आणि गॅस घेणारं कुणी नसेल, तर प्रशिक्षणाचा उपयोग काय? जे दुकानदार आज मेकॅनिकला गॅसचा सिलिंडर विकतात, त्यांच्याकडेच भाड्याने मिळणारं रिकव्हरी मशीन आणि जुना गॅस वजन करून घेण्याची सोय ठेवता येईल. मुंबई-पुण्यात ठरावीक बाजारांतली मोजकी दुकानं यात आणली तरी बरंच काम होईल. भंगारवाल्यालाही तांब्याबरोबर गॅसचे पैसे मिळू लागले तर तो नळी कापण्याआधी थांबेल.

आणि एक सुरुवात तर नव्या कायद्याशिवाय करता येते. मंत्रालय, जिल्हाधिकारी कार्यालयं, महानगरपालिका, सरकारी रुग्णालयं, विद्यापीठं यांच्याकडे हजारो एसी आहेत आणि त्यांच्या देखभालीचे ठेके दरवर्षी निघतात. काढलेला जुना गॅस किती किलो आणि कुठे जमा केला याची पावती जोडल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही, ही अट महाराष्ट्र सरकार पुढच्याच निविदेत घालू शकतं. ठेकेदारांना पावती लागली की गॅस घेणारी केंद्रं उभी राहतील, आणि तीच केंद्रं मग गल्लीतल्या मेकॅनिकलाही उपयोगी पडतील.